बाबांची बुलेट विकून तिच्यासारखी दिसणारी घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "राहतो डिचोलीत, नोकरी वेर्ण्याला, रोज जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. बाबांची १९८६ सालची बुलेट ३५० पडवीत ताडपत्रीखाली आहे. बाबा गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती कुणी चालू केलेली नाही. एक गिऱ्हाईक चांगले पैसे देतोय. त्यात भर घालून नवी क्लासिक ३५० घ्यावी म्हणतो, दिसायला तर तीच गाडी. मित्र म्हणतो जावा घे, ती जुन्या जावासारखी हुबेहूब आहे. गॅरेजवाला म्हणतो विकू नकोस, मी डाव्या पायाचे गिअर, सेल्फ आणि पुढे डिस्क बसवून देतो, मग रोज फिरव. आई विकायला नको म्हणते. नवी घेतलीच तर सायलेन्सर बदलून बाबांच्या गाडीचा आवाज काढता येईल का?"

नमस्कार.

आधी आईचं ऐका. तिच्या हट्टाला गोव्यात कायद्याचा आधार आहे. आई-बाबांनी लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडच्या सामाईक मालमत्तेच्या नियमाने त्या बुलेटचा अर्धा वाटा आईचाच आहे. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही आणि तुमची भावंडं. गिऱ्हाइकाला 'हो' म्हणायचा अधिकार तुम्हा एकट्याला नाही. 'चांगले पैसे' म्हणजे किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण उजव्या पायाचे गिअर असलेली, कुणी हात न लावलेली एकहाती बुलेट शोधणारे पुष्कळ आहेत. सहा वर्षं बंद गाडीला दारात येऊन भाव सांगणारा माणूस तो भाव तुमच्या सोयीने सांगत नसतो.

आता 'दिसायला तीच'. मद्रास मोटर्सने रॉयल एनफिल्डबरोबर भागीदारी केली १९५५ मध्ये. पुढे इंग्लंडमधलं उत्पादन थांबलं, तो कारखानाही बंद पडला, पण मद्रासजवळच्या तिरुवोत्रियूरमध्ये तीच बुलेट तशीच बनत राहिली. १९७७ पासून ती उलटी इंग्लंडला जाऊ लागली. म्हणजे तुमच्या बाबांच्या गाडीने जुन्याची नक्कल केलेली नाही, ती बदललीच नव्हती. क्लासिक ३५० हे नाव आलं २००९ मध्ये आणि तिचं रूप मुद्दाम युद्धानंतरच्या मॉडेलांवरून घेतलेलं आहे. हेडलाइटभोवतीचं ते भरीव कवच, त्याच्या दोन बाजूंचे बारके दिवे, थेंबाच्या आकाराची टाकी, हे सगळं तिकडचं. गंमत म्हणजे २००९ च्या क्लासिकने आतलं मापही जुनंच ठेवलं होतं, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, ३४६ सीसी. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र एकाच खोक्यात आले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या क्लासिकचं इंजिन अगदीच वेगळं. बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, ३४९ सीसी, व्हॉल्व्ह उघडणारे लांब दांडे, म्हणजे पुशरॉड, गेले, ते काम करणारा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला, आणि एक बॅलन्सर शाफ्ट आला.

तो बॅलन्सर शाफ्टच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. एकाच मोठ्या पिस्टनच्या वर-खाली होण्याने जो धक्का बसतो, तो उलट्या दिशेने फिरणारं वजन खाऊन टाकतं. जुन्या बुलेटवर सत्तरच्या पुढे गेलात की फूटरेस्टमधून पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात आणि आरशात मागची गाडी ओळखू येत नाही. नव्या क्लासिकवर ऐंशी-नव्वदला आरसा स्वच्छ. वेर्ण्यापर्यंत रोज जाणाऱ्या माणसाला हे वरदान आहे. बाबांची गाडी शोधणाऱ्याला मात्र नेमकं तेच गायब झालेलं आढळेल. ताकदीत तसा जमीन-अस्मानाचा फरक नाही, जुनीचे १८ अश्वशक्ती, नवीचे २०.२. फरक आहे तो ताकद किती वेळ न दमता देता येते त्यात. कास्ट आयर्नचा सिलिंडर उष्णता लवकर सोडत नाही. ती गाडी अर्धा तास सलग नव्वदने हाणली तर पिस्टन फुगून धरतो, त्यालाच आपण 'इंजिन जाम झालं' म्हणतो.

हातापायांचा फरक त्याहून मोठा. बाबांच्या गाडीचे गिअर उजव्या पायाला, एक वर आणि तीन खाली, ब्रेक डाव्या पायाला. दोन्ही गाड्या आलटून-पालटून चालवणार असाल तर हे हलक्यात घेऊ नका. गाय आडवी आली की पाय विचारून हलत नाही. उजवा पाय ब्रेक समजून दाबलात की वरचा गिअर पडतो आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून दर वेळी जुनी बाहेर काढाल तेव्हा पहिला किलोमीटर गल्लीतच, फक्त थांबण्याचा सराव करत घाला. आणि गिअरबॉक्सवरची ती जादा बारकी पट्टी, टाचेने दाबली की कुठल्याही वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रल, ती नव्या कुठल्याही गाडीवर मिळायची नाही.

जावाबद्दल दोन-तीन वाक्यं पुरतील. म्हैसूरची जुनी जावा आणि नंतरची येझदी टू-स्ट्रोक होती, तिचा आवाज, धूर आणि उतारावर इंजिन ब्रेक न लागणं हे सगळं त्यातूनच आलेलं, तर २०१८ पासूनची जावा फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी आणि जास्त फेऱ्यांवर फिरायला आवडणाऱ्या आखूड स्ट्रोकच्या इंजिनाची आहे. दोन सायलेन्सर तेवढे जुन्यासारखे, त्यामुळे चेहरा हुबेहूब आणि स्वभाव परका. गाडी वाईट नाही, पण बुलेटवर वाढलेल्याने ती 'जुन्यासारखी' म्हणून घेऊ नये.

वेर्ण्यासाठी नवीच घ्या, आणि ती क्लासिक असायला हरकत नाही. ऐंशी किलोमीटर रोज म्हणजे महिन्याला दोन हजार, जुन्या बुलेटला एवढं काम दिलं तर दर रविवार गॅरेजात जाईल. घेताना दिसण्यावर न जाता दोन गोष्टी पाहा. तारेची चाकं असतील तर आत ट्यूब असते, खिळा लागला की हवा क्षणात जाते आणि चाक रस्त्यावर खोलावं लागतं. अलॉय चाकांचं ट्यूबलेस मॉडेल रोजच्या माणसाला सोयीचं. दुसरं, मागेही डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस असलेलं घ्या, पावसातल्या चिऱ्याच्या लाल राडीवर त्याची किंमत वसूल होते. वजन १९५ किलो आहे, पडवीच्या पायरीवरून एकट्याने उतरवून पाहा मगच सही करा. किक नाही, म्हणजे बॅटरी मेली की ढकलत बसायचं. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधीचं जुनं कोटेशन कुणी पुढे केलं तर परत द्या.

गॅरेजवाल्याचा बेत मात्र मोडून काढा. उजवीकडचे गिअर डावीकडे नेण्यासाठी इंजिनाखालून आडवा दांडा आणि सांधे बसतात. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई, मिळून इतकी की दुसरा पडला की न्यूट्रल हे कळेनासं होतं. सेल्फसाठी प्रायमरी केसमध्ये (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या पेटीत) कापाकापी होते, आणि ती केस आधीच मध्ये एका नटावर आवळलेली, रबरी पट्टीतून तेल गळणारी. डिस्क बसवायची तर पुढचे फोर्क बदलायला हवेत. एवढं केल्यावर ती ना बाबांची बुलेट राहते ना नवी होते, आणि त्या गिऱ्हाइकाचा भावही अर्ध्यावर येतो. ब्रेक सुधारायचाच असेल तर नंतरच्या बुलेटचा ७ इंची, दोन लीडिंग शूचा पुढचा ड्रम शोधा. तो रूप बिघडवत नाही आणि उद्या काढून जुना परत लावता येतो.

मग बाबांच्या गाडीचं काय? रंगरंगोटी नको, क्रोम नको. ती फक्त उठवायची. आणि उठवताना सगळ्यात मोठी चूक एकच होते, ताडपत्री काढून कौतुकाने किक मारली जाते. मारू नका.

प्लग काढा. भोकातून दहा-पंधरा मिली इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. सहा वर्षांत रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. कोरड्या फिरवल्या तर बोअरवर ओरखडे उठतात. दुसऱ्या दिवशी किक हाताने हळूहळू दाबून इंजिन फिरतंय का पाहा. अडलं तर जोर न करता आणखी तेल, आणखी एक रात्र.

नंतर खालचे नट. या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नाही, क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या) मागच्या कप्प्यात साधारण सव्वादोन लिटर तेल असतं आणि दोन पंप ते फिरवतात, एक आत ढकलतो, दुसरा परत ओढतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेल पंपातून झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. तशीच चालू केली तर तेच तेल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर पाइपातून) बाहेर उडतं, धूर होतो, आणि माणूस घाबरून 'रिंगा गेल्या' म्हणत इंजिन खोलायला देतो. निष्कारण! मागच्या कप्प्याचा आणि क्रँकचा, दोन्ही ड्रेन नट काढा. क्रँकच्या बाजूने अर्धा-पाऊण लिटर निघालं तरी दचकू नका. नवं २०डब्ल्यू५० साधं मिनरल ऑइल भरा. महागडं सिंथेटिक या इंजिनाला लागत नाही.

आता नखाएवढ्या एका वस्तूबद्दल. उजवीकडच्या टायमिंग कव्हरच्या आतल्या बाजूला बुचाचं एक सील असतं. पंपाचं तेल त्यातून क्रँकच्या टोकात शिरतं आणि तिथून कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला पोचतं. त्या काळच्या बुलेटमध्ये मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग नसून सुटा फिरणारा बुश असतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावरच जगतो. वाळलेलं बुच आकसतं, तेल बाजूने निसटतं, बुश कोरडा पडतो. गाडी झकास चालू होते आणि दोनशे किलोमीटरवर खालून टक-टक ऐकू येऊ लागते. मग क्रँक उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. चालू करण्याआधी कव्हर काढून हे सील बदलून घ्या. मेकॅनिक 'गरज नाही' म्हणाला तर मेकॅनिक बदला.

कव्हर बसल्यावर प्लग काढलेलाच ठेवून वीस-पंचवीस किक मारा, म्हणजे पंपात तेल भरतं. पुढे इंजिन चालू झालं की हेडकडे जाणाऱ्या बारीक नळीचा वरचा बोल्ट अर्धा आटा सैल करा. मिनिटा-दोन मिनिटांत तेल पाझरलं पाहिजे. नाही पाझरलं तर लगेच बंद.

टाकी तोवर खाली उतरलेली असू दे. आतलं जुनं पेट्रोल टाकून द्या. गंज असेल तर पेट्रोल कॉकच्या जागी बोल्ट बसवून गरम पाण्यात लिटरला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून रात्रभर ठेवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि तिथल्या तिथे उन्हात कडक वाळवा. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. आतून अस्तर लावून देणारे भेटतील. स्वस्त अस्तर आजच्या पेट्रोलात सुटतं आणि त्याच्या पापुद्र्यांनी कॉक बुजतो.

आजचं पेट्रोल म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं, आपल्या दमट हवेत तर फारच. पेट्रोलची नळी इथेनॉल चालणारीच घ्या, कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई आणि वॉशर नवे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन गरम चालतं, म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एक नंबर मोठा घालून पाहा. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी आलं तर जमलं, पांढरं आलं तर अजून पातळ आहे. आठवडाभर गाडी काढायची नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्बोरेटर कोरडा राहतो.

पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) दमटपणाने हिरवे पडलेले असतील. बारीक एमरीने घासा, फट ०.३५ ते ०.४० मिमी, सोबत कंडेन्सर नवा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) जुळवायचे थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना: पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. क्लच प्लेटा चिकटलेल्या असतात, लिव्हर ओढून धरून किक मारली की सुटतात. टायरवर नक्षी कितीही दिसो, कडेवरचे चार आकडे वाचा. शेवटचे दोन साल सांगतात. सहा वर्षांपुढचं रबर भंगारात.

आता किक. बॅटरी चार्ज असू दे. चावी फिरवली की अ‍ॅम्पिअरचा काटा वजाकडे झुकतो. किक हळू दाबत चला. काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी आलाय. तिथे डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) कळ दाबून बोटभर पुढे न्या, कळ सोडा, किक वर येऊ द्या, आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता पूर्ण पाय खाली. अर्धवट मारलेली किकच उलटी येऊन घोट्यावर बसते. नव्या क्लासिकवर हा काटाच नाही.

चालू झाली की पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत. नंतरही हिचं काम रविवारचं सकाळी सकाळी सांकवाळपर्यंत जाणं, नाहीतर चवथीला गावात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान आणणं, एवढंच. फक्त निघालीच तर वीस मिनिटं तरी फिरू दे. दाराशी दोन मिनिटं फुरफुरवून बंद केली की सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून सडतो. ती ताडपत्री आजच काढून टाका. पावसाळ्यात तिच्याखाली वाफ कोंडते, गंज वरच्या पावसाने कमी आणि आतल्या घामाने जास्त धरतो. सुती चादर पुरे, चाकांखाली फळी. आणि तुम्ही डिचोलीचे, खनिजाची लाल धूळ तुम्हाला सांगायला नको. एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर पाहत जा, जुनीचाही आणि नवीचाही.

कागद: आरसी बाबांच्या नावावर असेल, तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरायचा होता. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही, दंड पडतो. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आई आणि भावंडांची संमती लागेल. नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मधल्या काळात ती संपली असेल तर फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि आरटीओत गाडी दाखवणं. त्याआधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा, कधीकाळी इंजिन बदललेलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. व्हिंटेज नोंदणीच्या मागे लागू नका. ती पन्नास वर्षांपुढच्या गाडीला, म्हणजे तुमच्या गाडीला २०३६ च्या आधी नाही, आणि ती घेतल्यावर रोजच्या वापराला मनाई असते.

राहिला सायलेन्सर. नव्या गाडीला फटफट्या सायलेन्सर लावून आवाज मोठा होईल, बाबांचा होणार नाही. तो ठोका जड फ्लायव्हील, ९० मिमीचा स्ट्रोक आणि मिनिटाला जेमतेम आठशे फेऱ्यांचं आयडलिंग यांतून येतो, नळीतून नव्हे. वर नव्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. ते काढलं की मिश्रण बिघडतं, वॉरंटी जाते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पावती फाटते. नवीचा सायलेन्सर कंपनीचाच राहू द्या. त्या पैशांत बुचाचं सील, पॉइंट, कंडेन्सर आणि पेट्रोलची नळी येते.